कालवा आणि लोहमार्ग : ब्रिटनमधील एका पराभवाची फेरतपासणी

१५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला आणि त्या दिवशीच ब्रिटनमधील कालव्यांची घटका भरली, असे सामान्यतः मानले जाते. या मताच्या मुळाशी वेगाची तुलना आहे. एकीकडे काठावरून चालणारा घोडा व त्याच्या दोरीमागे संथपणे सरकणारी नाव, दुसरीकडे वाफेचे इंजिन. निकाल काय लागणार हे सांगण्यास ज्योतिषी नको. तथापि या सुटसुटीत उपपत्तीला एक मोठी अडचण आहे. बर्मिंगहॅम परिसरातील कालव्यांवरची मालवाहतूक लोहमार्ग आल्यावर आटली नाही. ती वाढत गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्षाला ८० लाख टनांच्या पुढे पोहोचली. कोळसा, चुनखडी, कच्चे लोखंड यांना घाई नसते. रोजचा पुरवठा न चुकता व स्वस्तात झाला की कारखानदाराचे काम भागते. मग कालवे हरले ते नेमके कशामुळे, हा प्रश्न पुन्हा विचारणे भाग पडते.

त्याचे उत्तर कालव्यांच्या जन्मातच शोधावे लागते. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने वर्सली येथील आपल्या खाणीतील कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा खोदविला. अर्वेल नदीवरून जाणारा बार्टनचा जलसेतू १७६१ मध्ये खुला झाला, आणि पुढे मँचेस्टरमधील कोळशाचा भाव सुमारे निम्म्यावर आला. या यशानंतर कालव्यांची जी लाट उसळली, ती १७९३ च्या सुमारास शिगेस पोहोचली. परंतु यातील जवळजवळ प्रत्येक कालवा एखाद्या गावाच्या, खाणीच्या अथवा व्यापारी मंडळाच्या गरजेतून निघालेला होता. प्रत्येकास पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा, प्रत्येकाचे स्वतंत्र भागधारक, प्रत्येकाचा टोल निराळा. राज्यसंस्थेने देशाचा नकाशा पुढे ठेवून जलमार्गांची आखणी केली, असे ब्रिटनमध्ये कधीच घडले नाही.

जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट-मर्सी कालव्यासाठी घेतलेला एक निर्णय येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. नाव एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढविण्या-उतरविण्यासाठी दोन्ही बाजूंस दारे असलेली जी कोठी बांधतात तिला लॉक म्हणतात. ब्रिंडलीने या मार्गाच्या डोंगराळ भागातील लॉक अवघे सात फूट रुंद व सुमारे बहात्तर फूट लांब ठेवले. त्याची कारणे व्यावहारिक होती. हेअरकासल येथे सव्वा मैलाहून लांब बोगदा खोदावयाचा होता आणि तो रुंद करणे परवडणारे नव्हते. शिवाय रुंद लॉक भरण्यास माथ्यावरचे पाणी दुप्पट लागते, आणि उंचावर पाण्याचा तुटवडा नेहमीचाच. ब्रिंडली १७७२ मध्ये वारला. कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. मिडलंड प्रदेशातील नंतरच्या बहुतेक कालव्यांनी तेच माप उचलले, आणि तेथील नावेचा भार पंचवीस-तीस टनांवर कायमचा अडकून पडला. निर्णय त्या काळी शहाणपणाचाच होता. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

इतरत्र तर मापांचा मेळच नव्हता. १८१६ मध्ये पुरा झालेल्या लीड्स-लिव्हरपूल कालव्याचे लॉक रुंदीला ऐसपैस, पण लांबीला बासष्ट फुटांच्या आसपास. त्यामुळे मिडलंडमधील सत्तर फुटी नाव रुंदीने त्यात सहज बसे, परंतु लांबीने मावत नसे. हडर्सफील्डजवळील एका कालव्यावर ही लांबी आणखी कमी होती. सर्वत्र फिरू शकणारी नाव बांधावयाची तर ती मिडलंडच्या रुंदीची आणि यॉर्कशरच्या लांबीची करावी लागे. म्हणजेच दोन्हीकडचे उणेपण एकत्र करावे लागे.

मापे जुळत होती तेथे हितसंबंध आडवे येत. बर्मिंगहॅम कालवा कंपनीने वुस्टरहून येणाऱ्या कालव्याला आपल्या पाण्याशी जोडू दिले नाही. दोहोंच्या मध्ये सुमारे सात फूट जाडीचा बांध ठेवण्यात आला, आणि १८१५ पर्यंत एका नावेतील माल उचलून बांधापलीकडच्या दुसऱ्या नावेत भरण्याचा उद्योग मजूर करीत राहिले. आपले पाणी जाईल, आपला टोल बुडेल, ही भीती निराधार नव्हती. पण सात फुटांच्या त्या बांधात पुढील शंभर वर्षांचा इतिहास बीजरूपाने दडलेला होता.

प्रारंभी लोहमार्ग कालव्याचा शत्रू नव्हताच. खाणीपासून कालव्याच्या धक्क्यापर्यंत घोड्यांनी ओढावयाच्या डब्यांचे रूळमार्ग अठराव्या शतकातच होते. क्रॉमफर्ड-हाय पीक लोहमार्ग तर दोन कालव्यांमधील डोंगर ओलांडण्यासाठीच बांधला गेला. लिव्हरपूल-मँचेस्टर योजनेला ब्रिजवॉटर विश्वस्तनिधीचा कारभारी ब्रॅडशॉ याने कडवा विरोध केला, हे सर्वश्रुत आहे. १८२५ चे विधेयक बारगळले. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस, त्या कालव्याचे उत्पन्न ज्याला मिळत होते त्या मार्क्विस ऑफ स्टॅफर्डने लोहमार्गाचे एक हजार शेअर घेतले, आणि १८२६ मध्ये विधेयक संमत झाले. भांडवलाला कुळधर्म नसतो.

लोहमार्ग कंपन्यांनाही कालव्यांचाच रोग जडला होता, हे येथे विसरता कामा नये. ग्रेट वेस्टर्नचे रूळ सुमारे सात फूट अंतरावर, इतर बहुतेकांचे ४ फूट ८॥ इंचांवर. १८४४ पासून ग्लॉस्टर येथे दोन्ही मार्ग भेटत आणि तेथे माल एका गाडीतून दुसरीत उतरवावा लागे. वुस्टरच्या बांधाचीच ही आवृत्ती. (योगायोग असा की सात फुटांचे माप कालव्यावर अपुरे ठरले, लोहमार्गावर अतिरिक्त.) फरक पडला तो उपायांत. १८४६ च्या गेज कायद्याने अरुंद माप प्रमाण ठरविले. ग्रेट वेस्टर्नने शेवटचे रुंद रूळ १८९२ मध्ये काढले. त्याहूनही परिणामकारक ठरले ते १८४२ मध्ये स्थापन झालेले रेल्वे क्लिअरिंग हाउस. अनेक कंपन्यांच्या रुळांवरून गेलेल्या एका गाडीचे भाडे वाटून देणारी ही कचेरी होती. तिच्यामुळे ग्राहकाला एकच पावती आणि एकच दर मिळू लागला. या धडपडीचा पडसाद हिंदुस्थानातही उमटला. डलहौसी येथे येण्यापूर्वी लंडनच्या बोर्ड ऑफ ट्रेडचा अध्यक्ष होता व ब्रिटनमधील गेजचा गोंधळ त्याने जवळून पाहिला होता. या देशात एकच गेज असावे असा त्याचा आग्रह राहिला, आणि १८५३ मधील बोरीबंदर-ठाणे मार्गाचे रूळ ५ फूट ६ इंचांचे पडले. १८७० नंतर मीटर गेजने ती एकसूत्रता मोडली, हा भाग वेगळा.

कालव्यांकडे यांतील काहीच नव्हते. बहुतेक कालवा कंपन्या स्वतः माल वाहत नसत. त्या पाण्याच्या मालक व टोलच्या धनी होत्या. स्वतः वाहतूक करण्याची सर्वसाधारण मुभा त्यांना १८४५ च्या कायद्याने मिळाली, तोवर पिकफर्डसारखे मोठे वाहतूकदार लोहमार्गाकडे वळू लागले होते. लागलीच १८४५-४७ च्या सट्ट्याच्या लाटेत कित्येक कालव्यांनी आपल्याला विकून टाकले. ट्रेंट-मर्सी नॉर्थ स्टॅफर्डशर रेल्वेकडे गेला. बर्मिंगहॅमच्या कालव्यांना १८४६ च्या करारान्वये लोहमार्ग कंपनीने ४ टक्के लाभांशाची हमी दिली, आणि त्या बदल्यात कारभारावर हात ठेवण्याचा अधिकार मिळविला. स्टँडेज येथे तर जुन्या जलबोगद्याचा उपयोग शेजारचा रेल्वे बोगदा खोदताना दगडमाती बाहेर काढण्यासाठी झाला.

लोहमार्गांनी कालवे मारण्यासाठीच विकत घेतले, ही तक्रार अर्धीच खरी मानावी लागते. श्रॉपशर युनियनचे जलमार्ग लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नने प्रतिस्पर्ध्याच्या मुलखात शिरण्यासाठी कसोशीने चालविले. उलट १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्नच्या हाती पडलेला केनेट-एव्हन कालवा उपेक्षेने खंगत गेला. खरी हानी निराळी होती. लांब जलमार्गातील एक दुवा लोहमार्गाच्या ताब्यात गेला की संपूर्ण मार्गाचा दर त्या दुव्याच्या टोलवर अवलंबून राहू लागला. १८५४ च्या कायद्याने वाहतुकीत पक्षपात करण्यास मनाई केली, १८७३ च्या कायद्याने कालवे दुरुस्त ठेवण्याची सक्ती केली. तुटक साखळी जोडण्याचे सामर्थ्य मात्र दोहोंतही नव्हते.

बर्मिंगहॅमच्या अपवादाचा उलगडा येथे होतो. तेथील वाहतूक बहुतांशी थोड्या मैलांची, एकाच कंपनीच्या एकाच मापाच्या पाण्यावरची. कारखान्यांच्या भिंतीला लागून कालवा, आणि कालव्याच्या काठी खास बांधलेले रेल्वेचे माल-अदलाबदलीचे धक्के. कारखान्याचा माल नावेतून धक्क्यावर येई व तेथून रेल्वेने देशभर जाई. कालवा येथे टिकला, कारण त्याला दुसऱ्या कालव्याची गरज नव्हती.

१९०६ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने १९०९ च्या अखेरीस टेम्स, मर्सी, हंबर व सेव्हर्न यांना बर्मिंगहॅममार्गे जोडणारा शंभर टनी नावांचा चौफुलीवजा जलमार्ग सुचविला. तो कागदावरच राहिला. १९२९ मध्ये एकत्रीकरणातून उभ्या राहिलेल्या ग्रँड युनियनने बर्मिंगहॅमच्या वाटेवरील लॉक रुंद केले व ते १९३४ मध्ये खुले झाले. तरी त्यांतून मुख्यतः जुन्या अरुंद नावांच्या जोड्याच जात राहिल्या. १९४८ मध्ये लोहमार्ग आणि बहुतेक कालवे एकाच सरकारी मंडळाखाली आले, तेव्हा ब्रिंडलीच्या मापाला पावणेदोनशे वर्षे होऊन गेली होती. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, आणि बर्फ वितळल्यावर पुष्कळसा माल परत आलाच नाही. तो लोहमार्गाकडेही गेला नाही. तो मुख्यतः मोटार-ट्रकांनी उचलला.