जुना लॅपटॉप घेतला, पण ॲडमिन पासवर्डच माहीत नाही? आता काय करायचं?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचं नेहरू प्लेस, वापरलेले लॅपटॉप आणि कॉम्प्युटर स्वस्तात मिळतात. कॉलेजला जाणाऱ्या कित्येक मुलांचा पहिला लॅपटॉप असाच सेकंडहँड असतो. पण घरी आणून सुरू करावा, तर स्क्रीनवर कुणा भलत्याचंच नाव आणि खाली पासवर्डची चौकट! विकणारा म्हणतो, "मलाही माहीत नाही."

अशा वेळी पासवर्ड 'तोडणारं' सॉफ्टवेअर शोधायला जाऊ नका. त्यातून व्हायरस येण्याचीच शक्यता जास्त. मुळात तुम्हाला जुना पासवर्ड नकोच आहे, हवा आहे तो कोरा लॅपटॉप.

विंडोज १० आणि ११ साठी सोपा मार्ग

१. चार्जर लावून ठेवा. पासवर्डच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह असतं. कीबोर्डवरची शिफ्ट दाबून धरा आणि त्या चिन्हातलं 'रीस्टार्ट' निवडा.

२. निळी स्क्रीन आली की 'ट्रबलशूट' आणि मग 'रीसेट धिस पीसी' निवडा.

३. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा. आधीच्या मालकाची खाती, फोटो, कागदपत्रं सगळं जाईल.

४. विंडोज कुठून घ्यायचं हे विचारलं तर 'लोकल रीइन्स्टॉल' घ्या. 'क्लाउड डाउनलोड' घेतलं तर ४ जीबीपेक्षा जास्त डेटा खर्च होऊ शकतो.

५. 'क्लीन द ड्राइव्ह' असा पर्याय दिसला तर तो घ्या. वेळ जास्त लागतो, पण जुना डेटा परत मिळवणं अवघड होतं.

हे जमलं नाही, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा आणि त्यावरून विंडोज नव्याने टाका. विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागेल का? सहसा नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. तीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होम, टाकली की इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप लागू होतं.

गाडी कुठे अडते?

बिटलॉकर: स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर आतल्या फाइल्स मिळत नाहीत. मात्र पेनड्राइव्हवरून ड्राइव्ह पूर्ण पुसून लॅपटॉप नव्याने वापरता येतो.

बायोस पासवर्ड: विंडोज सुरू होण्याआधीच पासवर्ड विचारला गेला, तर रीसेटचा उपयोग नाही. खरेदीची पावती घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावं लागतं.

कंपनीचा लॅपटॉप: रीसेटनंतर एखाद्या कंपनीचं नाव दिसून तिथलाच ईमेल मागितला गेला, तर तो लॅपटॉप त्या कंपनीच्या नावावर नोंदलेला आहे. ही नोंद फक्त ती कंपनीच काढू शकते.

ॲपल मॅक: टी२ किंवा एम मालिकेची चिप असलेल्या मॅकमध्ये 'फाइंड माय' सुरू राहिलं असेल, तर ॲक्टिव्हेशन लॉक लागतं. सगळं पुसलं तरी आधीच्या मालकाचं ॲपल खातं लागतंच.

चोरीचा तर नाही ना?

खरा धोका इथेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीची वस्तू आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, ती घेणं किंवा जवळ ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भाव फारच कमी, पावती नाही आणि पासवर्डही माहीत नाही, असं सगळं एकत्र आलं तर व्यवहार न केलेलाच बरा. म्हणून पैसे देण्याआधी सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या आणि विकणाऱ्याला समोरच लॅपटॉप रीसेट करून द्यायला सांगा. नवीन सेटअपची पहिली स्क्रीन दिसली, की मगच पैसे द्या.

आणि हो, तुम्ही स्वतः जुना लॅपटॉप विकणार असाल, तर आधी तुमच्या खात्यातून बाहेर पडा आणि तो रीसेट करूनच द्या. नाहीतर तुमचे घरचे फोटो आणि बँकेची कागदपत्रं कुणा अनोळखी माणसाच्या हाती पडतील.

सेकंडहँड लॅपटॉप घ्यायच्या विचारात असलेल्या मित्रमैत्रिणींना हा लेख नक्की पाठवा!