बसंतरची लढाई आणि गुणांचा रकाना

ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं असं म्हणणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. आजचा विषय रणगाड्यांची एक लढाई आहे, पण सुरुवात माझ्या कर्वेनगरच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलापासून करतो.

गेल्या पावसाळ्यात कॉलेजच्या एका मित्राबरोबर मी एक युद्धखेळ बनवायला घेतला. कल्पना जुनीच आहे. 1824 च्या सुमारास प्रशियाचे लष्करी अधिकारी नकाशावर ठोकळे आणि फासे घेऊन लढाया खेळायचे. 1970 मध्ये अमेरिकेत जिम डनिगनचा 'पॅन्झरब्लिट्झ' आला आणि षटकोनी घरांच्या नकाशावर टँकची लढाई खेळायचा प्रकार घरोघरी पोचला. त्यात एक सोंगटी म्हणजे टँकची अख्खी तुकडी. आम्ही ठरवलं की आपल्या खेळात एक सोंगटी म्हणजे एक टँक. एक घर शंभर मीटरचं. दोन फासे टाकायचे, गोळा लागला तर परत टाकायचे: काही झालं नाही, जायबंदी, की जळाला.

लढाई निवडली बसंतरची, 16 डिसेंबर 1971. कारण अगदी पुणेरी आहे. या लढाईतली रेजिमेंट होती पूना हॉर्स. तिचं मूळ 1817 च्या पुणे तहात आहे. दुसऱ्या बाजीरावावर इंग्रजांनी लादलेल्या त्या तहातून हे घोडदळ उभं राहिलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खडकीला पेशवे आणि इंग्रज समोरासमोर आले. आणि ज्याच्यामुळे ही लढाई आजही आठवली जाते तो सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 14 ऑक्टोबर 1950 ला पुण्यातच जन्मला. खडकवासल्याला एनडीएत शिकला. तिथलं परेड ग्राउंड आज त्याच्या नावाने आहे.

आता लढाई थोडक्यात. शकरगढचा भाग, बसंतर नदी. मेजर जनरल डब्ल्यू. ए. जी. पिंटो यांच्या 54 इन्फंट्री डिव्हिजनला नदीपलीकडे पाय रोवायचा होता. (पिंटो निवृत्तीनंतर पुण्यातच राहिले.) 15 तारखेच्या रात्री पायदळ पलीकडे पोचलं. पण टँक मागेच होते, कारण मध्ये सुरुंगांचा पट्टा. सॅपर्स त्यातून वाट मोकळी करत होते. याच मोहिमेत सुरुंग काढण्याच्या कामावर असताना मेजर विजय रतन चौधरी मारले गेले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. वाट निम्मीच झाली असताना पलीकडून निरोप आला की शत्रूच्या टँकची हालचाल वाढली आहे, लगेच मदत पाठवा. पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग. साफ न झालेल्या सुरुंगांतूनच टँक पुढे न्यायचं ठरलं, आणि ते पलीकडे पोचले.

आमच्या पहिल्या डावात हा भाग मी पाच मिनिटांत उरकला. सुरुंग कुठे आहेत ते नकाशावर छापलेलंच होतं ना! मी आरामात वळसा घालून गेलो. मित्र म्हणाला, "अरे, ही काय लक्ष्मी रोडची वन-वे आहे का?" बरोबर होतं त्याचं. मग आम्ही सुरुंगांच्या चिठ्ठ्या केल्या आणि काही कोऱ्या चिठ्ठ्यांत मिसळून उलट्या ठेवल्या. त्या वेळी प्रत्येक घर पुढे जाताना हात थांबायला लागला. हणूत सिंगांचा निर्णय केवढा होता, ते मला एक ओळ वाचून कळलं नव्हतं. चिठ्ठ्या उलट्या ठेवल्यावर जरासं कळलं.

16 ला सकाळी धुराच्या आडून पाकिस्तानच्या 13 लान्सर्सचे पॅटन टँक आले. ही रेजिमेंटसुद्धा 1947 पर्यंत त्याच एका ब्रिटिश हिंदी सैन्यातली. जरपालजवळ पूना हॉर्सच्या बी स्क्वाड्रनवर फार मोठा दबाव आला आणि त्यांनी कुमक मागितली. ए स्क्वाड्रनमधून तीन सेंच्युरियन धावले: कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत आणि खेत्रपाल. अहलावतांच्या टँकला गोळा लागला, मल्होत्रांच्या तोफेत बिघाड झाला. उरला खेत्रपालचा 'फामागुस्ता'. त्यालाही गोळा लागून आग लागली. रेडिओवर हुकूम आला, टँक सोडा. त्याने कळवलं की तोफ अजून चालते आहे, सोडणार नाही. परमवीर चक्राच्या मानपत्रात त्याने टिपलेले चार टँक नोंदलेले आहेत, त्यातला शेवटचा जेमतेम शंभर मीटरवर. म्हणजे आमच्या नकाशावर शेजारचं घर. मग दुसरा गोळा आला. वय 21, नोकरी सहा महिने.

आणि इथेच आमचा खेळ अडला.

नियम असा होता: जायबंदी टँक सोडला तर आतले चौघे वाचतात, दहा गुण मिळतात. नाही सोडला तर तोफ डागता येते, पण पुढच्या माऱ्यात सगळं जाण्याची शक्यता मोठी. पहिल्यांदा मी टँक सोडला. मित्राचे पॅटन त्या मोकळ्या जागेतून घुसले आणि मी हरलो. दुसऱ्यांदा नाही सोडला. सोंगटी जळाली आणि मी जिंकलो. मला वाटलं, बघा, खेत्रपाल बरोबर होता हे सिद्ध झालं!

पण मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. स्वतःच घातलेल्या आकड्यांतून आलेलं उत्तर 'सिद्ध' झालं म्हणणं किती पोकळ असतं ते मला माहीत आहे. मी स्प्रेडशीट उघडून दहाचे वीस केले. निकाल फिरला. आता टँक सोडणारा जिंकत होता. मित्राने विचारलं, "मग नक्की किती गुण द्यायचे त्या चौघांना?"

तो रकाना त्या रात्री रिकामाच राहिला. दहा लिहायला हात धजेना, आणि शंभर लिहिले तर लढाईच उरत नव्हती.

शेवटी आम्ही गुण काढूनच टाकले. मध्ये फाइल उभी करून पडदा केला. मित्राकडे किती पॅटन उरलेत ते मला दिसेना. आणि मग लक्षात आलं की आतापर्यंत मी आकाशातून बघून निर्णय घेत होतो. खेत्रपालला दिसत होता धूर, साइटमध्ये आलेला टँक, आणि आपल्या उजवी-डावीकडे कोणी उरलेलं नाही एवढंच. तेवढ्यावर 'योग्य चाल' काढता येत नाही. माणूस काय ठरवतो तेवढंच कळतं. पुस्तकात निकाल आधीच ठाऊक असतो म्हणून आपण पटकन 'धाडस' किंवा 'अविचार' असा शिक्का मारतो. पडद्यामागून खेळताना मला दोन्ही शब्द अपुरे वाटले.

एक गोष्ट मात्र कुठल्याच खेळात बसणार नाही. अरुणचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, स्वतः सैन्यात इंजिनिअर. 2001 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, ते आपलं जुनं गाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांना सांगितलं की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. बसंतरला ते 13 लान्सर्समध्ये मेजर होते. पाहुण्याचा तो मान आणि ती कबुली एकाच घरात घडली.

'फामागुस्ता' आज अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या नगरला, आर्मर्ड कोअरच्या सेंटरमध्ये जपून ठेवलेला आहे. युद्धाची चाहूल लागली तेव्हा अरुण त्याच नगरला कोर्स करत होता. पुण्याहून तीनएक तासांचा रस्ता. आमचा खेळ आता डब्यात आहे, नियम एका पानावर. गुणांचा रकाना त्यात नाही.

भेटू पुढच्या भागात.