कोकणच्या आगबोटीची कुळकथा

लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला, भुयारी रेल्वेची जुबिली लाइन संपते आणि पाण्याच्या नावाने कॉमनवरची दोन-चार तळी तेवढी उरतात. परंतु कोकण किनाऱ्यावरील उतारू आगबोटीचे कूळ धुंडाळणारास याच इंग्लंडच्या उत्तरेस, लंडनहून आगगाडीने तीन तासांवर असलेल्या टाइन नदीवरील गोद्यांकडे वळावे लागते, कारण आपल्या लोकांनी जिला ‘रामदास’ म्हटले ती बोट १९३६ साली तेथील स्वान हंटर यांच्या कारखान्यात जन्मास आली.

मुंबईच्या गोदीतही वाफेचे जहाज बांधले गेले होते. ‘ह्यू लिंडसे’ १८३० साली सुएझला जाऊन आले, पण ते सरकारी टपालासाठी. गिरणीत रोजगार शोधणाऱ्या रत्नागिरीकर चाकरमान्याच्या नशिबी त्यानंतरही बरीच वर्षे वाऱ्याच्या मर्जीवर चालणारे गलबतच होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीने ही वाहतूक हाती घेतली आणि पावसाळ्याचे महिने वगळून हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे मुंबईस जोडली गेली.

बंदरे म्हणावयाची, पण बहुतेक ठिकाणी धक्का नव्हताच. भोंगा करून बोट दूर खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्याहून पडाव सुटत, आणि लाट पडावाला उचलून शिडीच्या पायरीपर्यंत आणी त्या निमिषार्धात, तांडेलाने धरलेल्या मनगटाच्या भरवशावर, म्हातारीपासून तान्ह्या पोरापर्यंत सर्वांना खाली उतरावे लागे. ट्रंका आणि वळकट्या मागाहून. ज्यांस बोट लागे ते रात्रभर फाळक्यावर लिंबू हुंगत पडून असत.

कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे येताना नोव्हेंबर १८८८ मध्ये नाहीशी झालेली, विजेच्या दिव्यांमुळे ‘वीजळी’ म्हणून ओळखली गेलेली शेफर्डचीच ‘वैतरणा’ सुमारे १७० फूट लांब व साडेसव्वीस फूट रुंद होती; अर्ध्या शतकानंतरची ‘रामदास’ भरली १७९ फूट लांब आणि २९ फूट रुंद. यंत्रविद्येने मध्यंतरी एवढी मजल मारली, तरी बोटीचा बांधा जवळजवळ तोच राहिला, हा मला या कुळकथेतला सर्वांत बोलका भाग वाटतो: गाळाने उथळ झालेल्या खाड्या आणि अल्प भाड्यात पुष्कळ माणसे वाहण्याची निकड, या दोहोंपुढे अभिकल्पकास फारशी मुभा नव्हती.

शेफर्डच्या मक्तेदारीस शह देण्यासाठी निघालेल्या सहकारी कंपनीस लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींस संतांची नावे देण्यात भाविकपणा होता, आणि व्यापारी चातुर्यही होते, असे म्हणणे अनुचित नव्हे. ‘तुकाराम’ व ‘जयंती’ या दोन बोटी १९२७ च्या नोव्हेंबरातील वादळात एकाच दिवशी बुडाल्या. ‘रामदास’ पुढे प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या, ताब्यात गेली आणि १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येस, सकाळी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघाली. काशाच्या खडकानजीक ती एका अंगास कलली, घाबरलेले उतारू दुसऱ्या अंगास धावले, त्याच वेळी मोठी लाट आली, आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईस ही वार्ता कळावयास संध्याकाळ झाली.

तरीही वाहतूक थांबली नाही. ‘रोहिदास’, ‘चंपावती’ आणि गोवामुक्तीनंतर ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटी चालत राहिल्या, एस.टी.ने घाट आणि खाड्यांवरचे पूल आपलेसे केले तसतसे त्यांचे उतारू ओसरत गेले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, त्यापूर्वीच ही सेवा बंद पडली होती.