लिपी बदलली आणि आजोबांची वही मुकी झाली

उर्दू आणि मराठी शिकवताना माझा दिवस दोन लिपींत जातो. त्यामुळे स्टॅलिनच्या दहशतीबद्दल वाचताना मला आधी उझबेकिस्तान आठवतो.

तिथे शतकानुशतकं अरबी लिपी होती. 1920च्या दशकाअखेरीस सोव्हिएत सत्तेनं तिच्या जागी रोमन लिपी आणली. कारण सांगितलं साक्षरतेचं. 1940 मध्ये रोमनही काढून रशियन लिपी लादली. अरबी लिपीतलं पुस्तक घरात सापडणं धोक्याचं झालं. लोकांनी पुस्तकं पुरली, भिंतींत लपवली.

दरम्यान लिहिणारेच संपवले गेले. पहिली उझबेक कादंबरी लिहिणारे अब्दुल्ला कादिरी, कवी चोलपान आणि विचारवंत फितरत यांना 4 ऑक्टोबर 1938 रोजी ताश्कंदमध्ये गोळ्या घातल्या. 'जनतेचे शत्रू' हा शिक्का पुरेसा होता. स्टॅलिनच्या मृत्यूनंतर कादिरींना निर्दोष ठरवलं.

साक्षरता खरोखरच वाढली, हे नाकारता येत नाही. पण शाळेत वाचायला शिकलेल्या नातवाला आजोबांची वही वाचता येईना. आपला भूतकाळ कसा होता, हे त्याला सांगायला सरकारी पाठ्यपुस्तक तेवढं उरलं. प्रचाराला आणखी काय हवं असतं?