वार्ता, विलंब आणि मनाचें स्वास्थ्य

दापोली तालुक्यांतील केळशी हें गांव समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यांत वसलें आहे. महालक्ष्मीचें देवालय, याकूबबाबांचा दर्गा आणि किनाऱ्यावरील वाळूची उंच टेकडी यांमुळें तें पुष्कळांस परिचित आहे. परंतु या किनाऱ्याचा एक इतिहास असा आहे कीं, तो कोणत्याहि शिलालेखांत सांपडावयाचा नाहीं. तो वाट पाहण्याचा इतिहास होय.

मुंबईंत १८५४ सालीं पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि पुढें रत्नागिरी जिल्ह्यांतील घराघरांतून माणसें परळ-लालबागेकडे चाकरीस जाऊं लागलीं. १८८० सालीं मनिऑर्डरीची सोय झाल्यावर तर टपालवाला हा घरांतलाच एक माणूस झाला. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णैस थांबे. होडींतून उतरून पुढें आपापलें गांव गांठावें लागे. पावसाळा लागला म्हणजे ती वाट बंद होई. मग चार महिने आड आलेल्या एखाद्या पत्रावर समाधान मानावयाचें.

त्या काळीं काळजी नव्हती असें म्हणणें खोटें होईल. नुसती तार आली एवढ्यानेंच घरांत रडारड सुरू होई; मजकूर वाचण्याइतका धीर कोणास असे! पण पावसाळ्यांतील मौन सर्वांच्या वांट्यास सारखें येई, आणि त्याची मुदतहि ठाऊक असे. शेजारीणहि आपल्यासारखीच वाट पाहत आहे, हें पाहून आईच्या मनास आधार वाटे.

तारेची सेवा जुलै २०१३ मध्यें संपली. तोंवर मोबाइल खेडोपाडीं पोंचला होता. मुलगा कचेरींतून निघाला हें आईस तत्काळ कळूं लागलें. आणि त्याचा फोन दहा मिनिटें लागला नाहीं, तर तिचा जीव खालींवर होऊं लागला. काळजीचें माप महिन्यांवरून मिनिटांवर आलें. रत्नागिरीस मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. पण ही रोजची धास्ती घेऊन तेथें कोण जाणार?

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळानें हा किनारा झोडपला. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, मोबाइल मुके झाले. महामारीच्या दिवसांत मुंबईंत अडकलेल्या चाकरमान्यांस गांवाकडील वडीलधाऱ्यांची खुशाली कळेना. आजोबांनीं चार महिने सोसलेलें मौन नातवांस चार दिवस सोसवेना. यांत नातवांचा दुबळेपणा पाहणें अन्यायाचें होय. जुन्या मौनास मुदत होती. या मौनाचा शेवट कोणासच दिसत नव्हता.

मौनास मुदत घालण्याचें काम घाटावरील एका गांवानें मात्र स्वतः केलें. टाळेबंदींत शिक्षणाकरितां मुलांच्या हातीं आलेला मोबाइल शाळा उघडल्या तरी सुटेना. तेव्हां सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव येथें १४ ऑगस्ट २०२२ रोजीं स्त्रियांची सभा भरली आणि भोंगा आणावयाचें ठरलें. सायंकाळीं ७ वाजतां देवळांतून तो वाजे, व घरोघरचे मोबाइल आणि दूरदर्शन-संच बंद होत. आरंभीं आशा कार्यकर्त्या, अंगणवाडीच्या सेविका आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरून लोकांस आठवण देत. मुलें पुस्तकें उघडीत, वडील माणसें एकमेकांशीं बोलत. मध्यंतरीं कोणाचा निरोप आलाच, तर तो ८.३० चा भोंगा झाल्यावर पाहावयास मिळणार, हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असे. आणि शेजारच्या घरांतहि तोंवर मोबाइल बंदच असे.