सूर किती झिरपू द्यायचा? बास गिटारच्या टोन-नॉबचा इतिहास

(१/७) जळगाव-धुळ्याच्या वरातीत ढोल-ताशाच्या कल्लोळावर बॅन्जोचा सूर उठतो, तेव्हा पावले आपोआप थिरकतात. तो बॅन्जो आणि बास गिटार यांचा पिंड वेगळा, पण विद्युत-रचना सारखीच : तारांजवळ चुंबकीय पिकअप आणि त्याच्या मागे नॉब.

(२/७) हा बॅन्जो अमेरिकन नव्हे. जपानमधील नागोया येथे १९१२ साली जन्मलेल्या ताइशोगोतोचा हा भारतीय वंशज. यालाच बुलबुल तरंगही म्हणतात. घरात वाजवायचे हे मंद आवाजाचे वाद्य रस्त्यावर आले ते पिकअपच्या बळावर.

(३/७) आवाज हरवण्याची हीच अडचण अमेरिकेतील डबल बास वादकांनाही छळत होती. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलरटन येथून प्रिसिजन बास बाजारात आणला. त्यात बॅटरी नव्हती. होते एक पिकअप, एक व्हॉल्यूम आणि एक टोन.

(४/७) येथे पॉटेन्शिओमीटरचे मूल्य निर्णायक ठरते. पांझरेवरील फड बंधाऱ्याची कल्पना करावी : सांडवा जितका रुंद, तितके पाणी निसटते. २५० किलोओहमच्या पॉटमधून तीव्र स्वर अधिक निसटतात आणि नाद मऊ होतो. ५०० किलोओहमचा पॉट ते राखतो आणि नाद धारदार राहतो. फेंडरने बाससाठी २५० निवडले.

(५/७) टोन फिरवताच कपॅसिटर तीव्र स्वरांना ग्राउंडची वाट दाखवतो. त्याचे मूल्य जितके मोठे, तितके खालचे स्वरही वाहून जातात. आरंभीच्या प्रिसिजन बासमध्ये ०.१ मायक्रोफॅरड असे, पुढे ०.०५ आले. आजचे ०.०४७ हे त्याचेच प्रमाणित रूप.

(६/७) १९६० च्या जॅझ बासमध्ये दोन पिकअप आले आणि त्यांना दोन व्हॉल्यूम. २५० किलोओहमचे दोन पॉट समांतर जोडले की एकत्रित रोध १२५ किलोओहम होतो. म्हणजे पॉट तेच राहिले, तरी दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना नाद आणखी मवाळ होतो.

(७/७) म्हणून कोणतेही मूल्य सार्वत्रिक नसते. बासला तळ धरायचा असतो, तेथे २५० आणि ०.०४७ शोभतात. वरातीतल्या बॅन्जोला मात्र गर्दीवर चढायचे असते. तेथे ५०० चा पॉट आणि ०.०२२ चा कपॅसिटर हेच गणित अधिक सयुक्तिक. नॉबमागचा आकडा निवडणे म्हणजे कोणता सूर राखायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवणे.