लोपामुद्रा

मुलींना ऋषिपत्नींची नावे ठेवण्याची आपल्याकडे जुनी हौस. अरुंधती, अनसूया ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालली. लोपामुद्रा मात्र मागे राहिली. माझ्या नोकरीतल्या सगळ्या हजेरीपटांत मिळून हे नाव एकदाच आले, आणि तिलाही वर्गात सगळे 'लोपा'च म्हणत. बंगालमध्ये ते इतके अनोळखी नाही. गायिका लोपामुद्रा मित्र यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल.

खरे तर ही आपल्या विदर्भाची लेक. महाभारताच्या वनपर्वात कथा आहे. अगस्तींनी निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव घेऊन एक कन्या घडवली आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाला दिली. नावाची फोड लोक यावरूनच करतात. जिच्यापुढे इतरांच्या रूपाची मुद्रा लोपली, ती लोपामुद्रा. दुसरी फोडही सांगतात: पतीमध्ये स्वतःची मुद्रा लोपवून टाकणारी. ही दुसरी मला मुळीच पटत नाही, कारण ग्रंथांत भेटणारी लोपामुद्रा लोपणारी नाहीच.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले १७९ वे सूक्त पाहा. अवघ्या सहा ऋचा, आणि पहिल्या दोन तिच्या तोंडच्या. वर्षानुवर्षे रात्रंदिवस कष्ट केले, आता वय देहाची शोभा नेते आहे, पतीने पत्नीजवळ यायला हवे, असे ती नवऱ्याला स्पष्ट सांगते. तिची गणना मंत्रद्रष्ट्या स्त्रियांत होते ती या ऋचांमुळे. आमच्या वेळच्या पाठ्यपुस्तकांत गार्गी-मैत्रेयी असत, ही नसे. कारण उघड आहे!

महाभारतातली राजकन्याही तशीच. अगस्तींच्या सांगण्यावरून दागिने, रेशमी वस्त्रे उतरवून तिने वल्कले नेसली, सेवा केली. पण अगस्ती संततीसाठी जवळ आले तेव्हा म्हणाली, माझ्या पित्याच्या घरी होती तशी शय्या हवी, अलंकार हवेत. मात्र त्यासाठी तुमचे तप खर्ची पडू नये. मग निघाले ऋषी धन मागायला. तीन राजांकडे गेले, तिघांचा जमाखर्च पाहिला, आय आणि व्यय सारखेच निघाले. दान घ्यावे तर प्रजेला झळ, म्हणून कोणाकडूनच घेतले नाही. शेवटी इल्वल असुराकडून धन आणले. पुढे, हजार पुत्र हवेत की हजारांच्या तोडीचा एक, असे विचारल्यावर तिने एकच विद्वान पुत्र मागितला. निवड तिची.

ललितासहस्रनाम म्हणणाऱ्यांच्या तोंडी तिचे नाव रोज येते. 'लोपामुद्रार्चिता', म्हणजे लोपामुद्रेने जिची पूजा केली ती देवी. श्रीविद्येतल्या एका मंत्रपरंपरेलाही तिचेच नाव आहे. कर्नाटकात कोडगूकडे तर कावेरी नदी म्हणजेच लोपामुद्रा, अशी श्रद्धा आहे.

आपल्याकडे प्रवरेच्या काठी अकोले येथे अगस्तींचा आश्रम दाखवतात. साखर कारखान्यालाही अगस्तींचे नाव मिळाले. लेकीला लोपामुद्रा म्हणायचे तर 'लोप' शब्द अशुभ वाटतो, नाव जड वाटते. ज्ञानेश्वरी, भुवनेश्वरी म्हणताना मात्र कोणाची जीभ अडखळत नाही. आणि ही तर चारच अक्षरे आहेत.